मिळाल्याची खूण

आई गेल्यावर वडिलांनी मला शिरूरहून दौंडला मामांकडे आणून ठेवलं. वडिलांच्या कंपनीत तीन पाळ्या, घरात दुसरं बाईमाणूस नाही, आणि वयात आलेली मुलगी एकटी कशी ठेवायची, म्हणून थोरल्यांनी बसून काढलेला हा तोडगा होता. मला कुणी विचारलं नव्हतं. मामा-मामींना मूल नव्हतं, त्यांनाही कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. रेल्वे कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढं तुळस, मागच्या दाराशी यार्ड. मालगाडीचे डबे जोडताना दणका बसला की मामीच्या फळीवरची भांडी थरथरायची आणि मामी काम न थांबवता एका हाताने ती थोपवून धरायची. पहिले काही दिवस मी प्रत्येक दणक्याला दचकायचे. पुढे शिरूरला सुट्टीत गेले तर तिथल्या शांततेत झोपच लागेना.

मामा रेल्वेच्या तारघरात होते. जेवताना ते फारसं बोलायचे नाहीत, ताट वाजवायचे. चमच्याचा दांडा ताटाच्या काठाला टेकवला की डॉट, काठावरून ओढला की डॅश. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, कांदा, आणि त्यावर हे सगळं टक, खर्र, टक. तारेत समोरच्याचा निरोप पूर्ण मिळाला की उलट 'आर' द्यायचा, म्हणजे टक, खर्र, टक. तो आर येईपर्यंत तार गेली असं मानायचं नाही, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम. मामी काहीही सांगायला लागली की मामा मान खाली घालून ताटावर आर द्यायचे. सगळ्या मोर्समधली मामीला कळणारी एवढीच एक खूण, आणि ती ऐकली की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"काल दळण आणा म्हणलं, तवा वाजवलं न्हवं का तुम्ही? मग पीठ कुठं हाय?"

"मिळालं म्हणलो," मामा शांतपणे म्हणायचे. "आणतो कवा म्हणलो?"

"ऐकलं म्हंजी केलं न्हाई का?"

"न्हाई. आर म्हंजी निरोप मिळाला. पटला का न्हाई, ते त्यात नसतंय."

मला ही भाषा शिकायची होती, कारण त्या घरात माझी म्हणावी अशी दुसरी गोष्टच नव्हती. मी ठिपके-रेघा वहीत लिहून पाठ करायला बसले, तर मामांनी वही मिटली. "मोजू नको, नंदे. मोजलंस की हुकलीस. ऐक. तुला 'पाणी' ऐकू येतं तवा तू अक्षरं मोजतीस का?" संध्याकाळी ते वर्तमानपत्र घेऊन बसायचे आणि मथळे वाजवायचे, इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द, आणि मी ऐकून बोलायचे. कित्येक आठवडे सगळा गोंगाटच होता. मग एके दिवशी भांडी घासताना मागून टकटक आली आणि मी न वळता म्हणाले, "देते चहा." मामा हसले. मामीने कपाळावर हात मारला, "आता दोघं झाले." त्या दिवशी मी त्या घरची झाले असं मला वाटतं.

तारघरात मी शाळेतून येताना जायचे. तारेचं यंत्र लाकडी खोक्यात बसवलेलं, आणि आवाज मोठा यावा म्हणून त्याच्या मागे सिगारेटचा रिकामा पत्र्याचा डबा खोचलेला. ज्यांना इंग्रजी येत नसे असे लोक आलेली तार हातात धरून खिडकीशी यायचे आणि ती मराठीत सांगायचं कामही मामांकडेच. 'फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली' याचा अर्थ बहुतेक वेळा बाप गेलेलाच असायचा, पाठवणाऱ्याला तसं लिहवत नसे एवढंच. मामांना ते माहीत असे. तरी ते माणसाला बाकावर बसवायचे, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "वडलांची तब्येत जास्त हाय, लगेच निघा." तो रडत विचारायचा, "खरं सांगा बाबू, हायेत का गेले?" मामा पुन्हा तेच, तितकंच सांगायचे. मला राग यायचा. घरी येताना मी एकदा म्हणाले, तुम्हाला ठाऊक असतं तर सांगत का नाही? "आलं ते सांगायचं," मामा म्हणाले. "आपलं त्यात घालायचं न्हाई, त्यातलं काढायचं न्हाई. एकदा घालायला लागलो तर कुठं थांबायचं?"

हा नियम मामांपेक्षाही कडक पाळणारा माणूस म्हणजे शेखचाचा. केडगावचे. ते पूर्वी मनमाडला होते, तेव्हा मामा आणि ते तारेवरच एकमेकांना ओळखायचे. प्रत्येकाचा वाजवायचा हात वेगळा असतो, नाव सांगावं लागत नाही. तोंड न बघता त्यांची दोस्ती झाली आणि बदली होऊन चाचा दौंडला आले तेव्हा, मामा सांगायचे, दोघं पहिल्यांदा समोरासमोर आले आणि काय बोलावं हे दोघांनाही सुचेना. याच चाचांच्या टेबलावर एकदा त्यांच्याच धाकट्या भावाच्या मयताची तार आली. शेजारी मामा होते. चाचांनी तार शेवटच्या अक्षरापर्यंत घेतली, कागदावर सुवाच्य लिहिली, आर दिला, आणि मग पेन्सिल ठेवून हात मांडीत घेतले. मामा ही गोष्ट सांगताना नेहमी तिथेच थांबायचे. "मधी एक अक्षर हुकलं न्हाई त्याचं," म्हणायचे.

पुढे तारघरातली ती यंत्रं काढली. चाचा तर मी दौंडला येण्याआधीच निवृत्त झाले होते, मामांना दुसऱ्या टेबलावर बसवलं. त्या दिवशी ते घरी येताना तो पत्र्याचा डबा पिशवीत घालून आले. मामीने त्यात मोहरी भरली.

आजाराची सुरुवात कपाने झाली. मामांच्या हातून कप पडायला लागले. मग जीभ जड झाली आणि कॉलनीत कुजबुज सुरू झाली की तारबाबू प्यायला लागले. ज्यांनी आयुष्यात सुपारी चघळली नाही त्यांच्याबद्दल हे बोलणं ऐकून मामी पाण्याच्या नळावर बायकांशी भांडून आली. नंतर पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की नसांचा आजार आहे, अंगातली एकेक हालचाल बंद होत जाणार, डोकं मात्र शेवटपर्यंत जागं राहणार. त्यावर औषध नव्हतं. वर्ष सरता सरता मामांचे पाय गेले, हात गेले, मान धरवेना, आणि वाचा पूर्ण गेली. हातात पेन्सिल दिली तर ती गळून पडायची. उजव्या हाताचं एक बोट तेवढं राहिलं. ते टेकवता यायचं आणि नखाने थोडं ओढता यायचं.

मोहरी काढून मी डबा धुतला, उपडा करून त्यांच्या बोटाखाली दिला. आणि मी त्यांचं तोंड झाले. लोकांना हे फार हृदयस्पर्शी वाटतं, मी सांगते तेव्हा माझ्या सुनेचेही डोळे भरून येतात. प्रत्यक्षात त्यात बराच वैताग होता. मामा वाजवायचे, 'आमटी खारट,' आणि मी सांगितलं की मामी माझ्यावर डाफरायची. मामा वाजवायचे, 'जोशीला घालव, बोअर करतो,' आणि जोशी समोर बसलेले. पण मी एकही शब्द बदलला नाही. मामा ऐकत असायचे, त्यांचे कान चांगले तीक्ष्ण होते, आणि त्यांचं आता दुसरं काही उरलंच नव्हतं.

मग श्वास अडकायला लागला. घास, थुंकी, काहीही नरड्यात जायचं. माझ्या बारावीच्या परीक्षेच्या आधी एकदा ते निळे पडले आणि त्यांना पुण्याच्या मोठ्या इस्पितळात हलवलं. मी दुसऱ्या दिवशी पोचले तर मामांचे डोळे लालभडक, माझ्याकडे एकटक. तिथली सिस्टर फार मायाळू होती. कॉटच्या दांड्यावर घासून त्यांचं नख झिजलंय, रक्त येतंय, हे बघून तिने हाताखाली चादरीची जाड घडी घातली होती. आदल्या दिवसापासून ते त्या मऊ घडीवर बोलत होते आणि कुणालाही काही ऐकू येत नव्हतं. मी घडी काढली, पिशवीतून डबा काढून बोटाखाली ठेवला. पहिला शब्द आला, 'पाणी.' मी तिथेच रडले.

डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. मामी, मी, आणि मांडवगण फराट्याहून आलेले आप्पा, म्हणजे मामांचे थोरले भाऊ. वडील लहानपणीच गेल्यामुळे आप्पांनीच मामांना वाढवलेलं, शेती बघून शिकवलेलं. गावात त्यांच्या शब्दापुढे कुणी जायचं नाही. डॉक्टर म्हणाले, "गळ्याला छेद देऊन नळी घालता येईल, मशीनवर श्वास चालेल. पण आजार बरा होणार नाही, आणि मशीन एकदा लागलं की बहुधा निघणार नाही. पुन्हा घरी जाणं नाही. नाहीतर घरी न्या, मग दिवस थोडे आहेत. पेशंट पूर्ण शुद्धीवर आहेत. त्यांनाच विचारा."

मी विचारलं. मामांनी वेळ घेतला नाही. डब्यावर अक्षरं सावकाश, एकेक सुटं, जशी ते मला शिकवताना वाजवायचे तशी आली, आणि मी मोठ्याने सांगितली: "नळी नको. घरी न्या. यार्डाचा आवाज ऐकत जाईन."

मामी खाली बसली. आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "ह्या एवढ्याशा पोरीच्या सांगण्यावर मी माझा भाऊ घरी नेऊन मारू व्हय? तिला काय कळतं? ती आजारपणाला कटाळली आसंल, तिच्या मनचं सांगत आसंल."

"आप्पा, मी मनचं नाही सांगत."

"शेखभाईला बोलवा. त्यो सांगंल ते मी मानतो. रघू, शेखला बोलवू का?"

मामांनी वाजवलं, 'बोलवा.' हे मी सांगितलं तेव्हा आप्पांना खरं वाटलं. मलाही मनातून हायसं वाटलं. चाचा आले की माझ्यावरचा डाग जाईल, असंच मला वाटत होतं. ज्या माणसाने सख्ख्या भावाच्या मयताची तार अक्षर न हुकता घेतली, त्याच्यापुढे कुणाचं काय चालणार होतं?

चाचा सकाळच्या गाडीने आले. पांढरी टोपी, धुतलेला सदरा, हातात केळी. आप्पांनी मला बाहेर जायला सांगितलं, म्हणजे मी काही खुणावू नये. मी दाराबाहेर उभी राहिले. दार लावलं तरी पत्र्याचा आवाज बाहेर येत होता. मामांनी तेच वाजवलं. नळी नको. घरी न्या. "पुन्हा दे," चाचा म्हणाले. मामांनी पुन्हा दिलं, आता थकलेल्या हाताने, आणि शेवटी एक वाक्य वाढवलं: 'शेख, तू यांना सांग.'

"काय म्हणतोय?" आप्पांचा आवाज.

"नळी घाला म्हणतो," चाचा म्हणाले. "जगायचं हाय म्हणतो."

मी दार ढकलून आत गेले. "चाचा, न्हाई. तसं न्हाई म्हणाले ते. तुम्ही ऐकलंत." चाचा माझ्याकडे बघेनात, त्यांची नजर डब्यावर. आप्पा ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "गप, पोरी. झालं आता." आणि त्याच वेळी मामांचं बोट भराभरा हलायला लागलं. नुसती टकटक, कुठे ओढ नाही, थांबत नाही. डॉक्टर म्हणाले, "बघा, त्यांनाही बरं वाटलं." आप्पांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते हसत होते. "खूश झाला माझा रघू."

तारेवर प्रत्येकाची स्वतःची दोन अक्षरं असतात. कुणाला बोलवायचं तर तो उत्तर देईपर्यंत ती वाजवत राहायची. शेखचाचांची अक्षरं एस आणि एच. त्या दोन्हींत ओढ नाही, सगळे ठिपके. मामा चाचांना हाका मारत होते. त्या खोलीत हे कळणारी माणसं दोनच होती, आणि माझं कुणी ऐकत नव्हतं, आणि चाचा उत्तर देत नव्हते. मामीने कागदावर सही केली तरी बोट चालूच होतं. मग स्ट्रेचर आलं, कुणीतरी डबा उचलून माझ्या हातात दिला.

त्या दिवशी मला चाचांचा जेवढा राग आला तेवढा कुणाचाच आला नाही, आजवर नाही. आप्पांचा आला नाही. मामीचा तर नाहीच. पुष्कळ वर्षांनी मी तिच्याजवळ बसले होते, शेंगा फोडत, तेव्हा ती आपणहून म्हणाली, "तू खरं सांगत हुतीस ते मला ठावं हुतं गं. पण मला जे ऐकायचं हुतं ते कुणीतरी म्हणलं. मग मी काय करू?" मी तिच्या हातातलं सूप घेतलं आणि पाखडत बसले.

मामा मशीनवर पाच महिने राहिले. घरी आलेच नाहीत. मशीनचा फसफस आवाज चोवीस तास, नळीतून कफ ओढायचा, पाठीला जखमा. त्या सोसण्याचं वर्णन मी करणार नाही, ते त्यांचं होतं. डबा बोटाखाली असायचा. ते माझ्याशी बोलायचे: कूस बदला, माशी, मामीला झोपायला पाठव. मी परीक्षा दिली का, हेही विचारलं. मी दिली नव्हती, तसं सांगितलं. चाचा दर आठवड्याला केडगावहून यायचे, स्टुलावर बसायचे. ते आले की मामांचं बोट थांबायचं. चाचा तासभर बसून निघून जायचे. सुरुवातीला आप्पा त्यांना म्हणायचे, "तुमच्यामुळं माझा भाऊ हाय, शेखभाई." पुढे आप्पांनीही ते म्हणायचं सोडलं. पाठीच्या जखमा त्यांनी बघितल्या होत्या.

एका दुपारी चाचांनी आल्याबरोबर स्टूल पुढे ओढलं आणि स्वतःचा हात कॉटच्या दांड्यावर ठेवला. मी कोपऱ्यात मोसंबी सोलत होते. मी चाचांचा हात त्याआधी कधी ऐकला नव्हता. फार सुंदर हात होता, गोल, घाई नसलेला. ते वाजवत होते: 'मी बदललं. तू दिलं ते सांगितलं नाही. तू गेलास की माझा हात ओळखणारं कुणी राहणार नव्हतं. म्हणून बदललं. माझ्यासाठी बदललं. माफ कर.' शेवटी निरोप संपल्याची खूण दिली आणि हात मांडीत घेऊन ते बसले.

मामांचे डोळे मिटलेले होते. मशीन चालू होतं. मला वाटलं ते झोपलेत, किंवा झोपलेत असं दाखवतायत. मोसंब्याची फोड हातात तशीच. मग बोट हललं. टक, खर्र, टक. त्यानंतर काही नाही. चाचा वाट बघत राहिले, गाडीची वेळ होईपर्यंत. मग उठले, मामांच्या कपाळाला हात लावला आणि गेले. त्याच आठवड्यात मामा वारले.

दौंडला अंत्यविधी झाला. भीमेवरून परतताना आप्पांनी मला चाचांना स्टेशनपर्यंत सोडायला सांगितलं, त्यांना एकटं पाठवू नको म्हणाले. आम्ही प्लॅटफॉर्मवर लोखंडी बाकावर बसलो. पलीकडे यार्डात डबे जोडत होते.

"नंदा बेटा," ते म्हणाले, "त्या दिवशी तू हुतीस कोपऱ्यात. त्यानं आर दिला. त्याच्या म्होरं काय दिलं का? माझे कान आता पहिल्यासारखे न्हाईत."

त्यांचे कान चांगले होते, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. गाडी यायला थोडा वेळ होता. 'माफ केलं' म्हणायला किती लागतं? मी तेवढं म्हणाले असते तर हा म्हातारा उरलेलं आयुष्य सुखाने जेवला असता. आणि माझा राग, तोही खोटं बोलण्याइतका मऊ झाला होता, कारण त्यांची टोपी वाकडी झाली होती आणि ती सरळ करायचं त्यांना भान नव्हतं. मला खरंच म्हणावंसं वाटलं. माझ्या तोंडात शब्द आले होते. आजही कुणी टेबलावर नख वाजवलं की ते शब्द माझ्या तोंडात येतात.

"न्हाई, चाचा," मी म्हणाले. "नुसता आर."

चाचांनी मान हलवली. मग बाकाच्या लोखंडी हातावर त्यांनी बोट टेकवलं. टक, खर्र, टक. केडगावला थांबणारी गाडी लागली तेव्हा ते उठले आणि टोपी तशीच वाकडी ठेवून डब्यात चढले.